तीनाचा सहा

कागदावर जाड पेनाने ३ काढा आणि फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा. पडद्यावर ६ दिसेल. बटण दाबून फोटो काढा आणि गॅलरीत उघडा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तिथे पुन्हा ३ असतो, काही फोनांत मात्र ६ तसाच राहतो. कागदावर ३६ लिहिलं असेल तर काहीच घडल्यासारखं वाटत नाही. तीनाचा सहा होतो, सहाचा तीन होतो, दोघांच्या जागाही बदलतात, आणि एकमेकांकडे पाठ केलेला छत्तीसचा आकडा जसाच्या तसा उभा राहतो.

एकटा ३ किंवा एकटा ६ जास्त धोक्याचा. उलटलेलं अक्षर विचित्र दिसतं, त्यामुळे चूक लगेच कळते. उलटलेला ३ मात्र चांगला व्यवस्थित ६ वाटतो. पुढच्या कॅमेऱ्याने एखादा हस्तलिखित आकडा टिपला आणि तो फोटो पुढे पाठवला, तर वाचणाऱ्याला शंका येण्याचं काही कारणच उरत नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्याकडे आपण खिडकीतून बाहेर बघावं तसं बघतो. तिथे प्रत्यक्षात दर सेकंदाला साधारण साठ वेळा नवं चित्र काढलं जात असतं, आणि ते कुठून सुरू करून कुठल्या दिशेने काढायचं हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. तो निर्णय बघणाऱ्याच्या सोयीसाठी घेतलेला असतो. फोटोच्या फाइलसाठी घेतलेला निर्णय वेगळा असतो. हे दोन निर्णय वेगळे आहेत एवढं नीट लक्षात आलं, तर आरशासारख्या चित्रांचा बहुतेक गोंधळ मिटतो, असं मला वाटतं.

गोंधळाची सुरुवात शब्दापासूनच होते. मराठीत ‘उलटं’ या एका शब्दात आपण किती गोष्टी बसवतो बघा. भांडं उलटं ठेवलं म्हणजे तोंड खाली आणि बूड वर. सदरा उलटा घातला म्हणजे आतली बाजू बाहेर. कॅमेऱ्याला ही दोन्ही उलटी लागू होतात आणि ती एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत.

भांड्याचं उलटं फिरवून सुलट होतं. भिंतीवर चित्र डोक्यावर टांगलं गेलं तर ते खिळ्यावरून काढून अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, फिरवायचं. खालचं वर जातं, डावं उजवीकडे जातं आणि सगळं ठीक होतं. सदऱ्याचं उलटं असं सुटत नाही. पारदर्शक प्लास्टिकवर ‘ग’ लिहा आणि पाठीमागून बघा. दांडा डावीकडे गेलेला दिसेल. आता प्लास्टिक टेबलावर तसंच ठेवून कितीही गरगर फिरवा. दांडा उजवीकडे येईल तेव्हा अक्षर डोक्यावर उभं असेल आणि अक्षर सरळ होईल तेव्हा दांडा पुन्हा डावीकडे. उचलून पालथं केल्याशिवाय गत्यंतर नाही. (हा प्रयोग ३ घेऊन करू नका. त्याचं शेपूट सोडलं तर तो वरून आणि खालून जवळजवळ सारखा असतो, त्यामुळे नुसता फिरवला तरी ६ सारखा दिसायला लागतो आणि दोन्ही उलटी एकमेकांत मिसळतात.)

आरशाचं उलटं सदऱ्याच्या जातीचं. आरसा डाव्याचं उजवं करतो असं आपण म्हणतो, पण आरशासमोर उजवा हात वर करून पाहिलं तर प्रतिबिंबातला हातही त्याच बाजूला वर जातो. डोकं वरच आहे, पाय खालीच आहेत. बदललंय ते फक्त पुढचं आणि मागचं. तुमचं नाक उत्तरेकडे असेल तर प्रतिबिंबाचं दक्षिणेकडे आहे. डाव्या हाताचा मोजा आतून बाहेर काढला की बोटं वर आणि मनगट खाली असूनही तो उजव्या हातात बसतो, तसंच हे. मग आरशात अक्षर उलटं का दिसतं? कारण कागद आरशाला दाखवताना आपणच तो पालथा केलेला असतो. मघाचंच प्लास्टिक आपल्याला वाचता येईल असं समोर धरून त्यातून आरशात बघा. आरशातलं ‘ग’ सुलटच दिसतं.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याला किंवा आरसे जोडून एखादी रचना करणाऱ्याला एक साधा हिशेब पुरतो. प्रकाश किती वेळा परावर्तित झाला ते मोजायचं. संख्या सम असेल तर चित्र वाचता येतं, फार तर ते फिरवावं लागतं. विषम असेल तर ते आरशातलं असतं. चित्र पडलेल्या पृष्ठभागाकडे प्रकाश आला त्याच बाजूने पाहिलं, तर त्याबद्दल आणखी एक धरायचं.

लेन्स स्वतः आरशासारखं उलटवत नाही, ती नुसती अर्धा फेरा फिरवते. जुन्या मोठ्या कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर दृश्य डोक्यावर उभं आणि डावं-उजवं बदललेलं दिसतं. ही दोन उलटी एकत्र म्हणजे फिरवणंच, म्हणून त्या काचेवरची पाटी मान वाकडी करून वाचता येते. १८३९ साली जाहीर झालेल्या डागेरोटाइप पद्धतीत मात्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं. पत्र्याच्या आरपार दिसत नाही. प्रकाश ज्या बाजूने आला त्याच बाजूने बघावं लागतं, म्हणून चित्र आरशातलं. लोखंडी पत्र्यावरच्या टिनटाइपचंही तेच. अमेरिकेतल्या बिली द किड या गुन्हेगाराच्या गाजलेल्या टिनटाइपमध्ये पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं आणि तेवढ्यावरून तो डावखुरा होता असा समज वर्षानुवर्षं पसरला. त्याच चित्रात त्याच्या हातात १८७३ची विंचेस्टर रायफल आहे. तिच्यात काडतुसं भरायची फट उजव्या बाजूला असते, चित्रात ती डाव्या बाजूला दिसते. रायफलकडे नीट बघितलं असतं तर प्रश्न तिथेच सुटला असता.

काचेच्या आणि नंतर फिल्मच्या निगेटिव्हने हा त्रास संपवला, कारण ती दोन्ही बाजूंनी बघता येते. आजही जुन्या निगेटिव्हचे डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढताना हा मुद्दा कामाला येतो. फिल्मची चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे असेल तर चित्र सुलट येतं. मंद, थोडी खरखरीत दिसणारी रसायनाची बाजू कॅमेऱ्याकडे असेल तर आरशातलं. कडेला छापलेली अक्षरं आणि फ्रेमचे आकडे वाचता येतायत का, एवढं बघितलं तरी पुरे. एका पट्टीत चूक झाली की पुढच्या सगळ्या पट्ट्यांत तीच होते, म्हणून पहिल्या पट्टीवरच थांबून खात्री करावी.

कमरेशी धरून वरून डोकवायच्या कॅमेऱ्यांत, म्हणजे १९२९च्या रोलायफ्लेक्ससारख्या दोन लेन्सच्या पेटीत, ४५ अंशात बसवलेला एक आरसा असतो. परावर्तन एकच, म्हणजे विषम. वरच्या काचेत माणूस सरळ उभा दिसतो, पण उजवीकडे निघालेला डावीकडे जाताना दिसतो. त्याला चौकटीत ठेवायला म्हणून हात आपोआप डावीकडे वळतात आणि तो आणखी वेगाने निसटतो. सवय होईपर्यंत काचेतल्या हालचालीच्या उलट दिशेला वळायचं. स्थिर वस्तूंना याने काही फरक पडत नाही, धावणाऱ्या मुलांना फार पडतो.

एसएलआर, म्हणजे फोटो काढणाऱ्या लेन्समधूनच आरशाने दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात काचेचा पंचकोनी प्रिझम असतो, त्याचं काम इथे आहे. १९३६च्या किने एक्झाक्टामध्ये ३५ मिलिमीटर फिल्मसाठी एकच आरसा होता आणि तोही वरूनच बघावा लागे. १९४९च्या कॉन्टॅक्स एसमध्ये आरशावर प्रिझम बसला आणि डोळ्यासमोर धरून सुलट बघता आलं. हिशेब करून बघा. आरशाचं एक परावर्तन. साध्या पंचकोनी प्रिझमची दोन. बेरीज तीन, विषम, म्हणजे चित्र आरशातलंच राहिलं असतं. म्हणून प्रिझमची एक बाजू सपाट न ठेवता घराच्या छपरासारखी दोन उतारांची करतात. त्या उतारांमध्ये ९० अंशांचा कोन असतो आणि एका ऐवजी दोन परावर्तनं होतात. बेरीज चार, चित्र सुलट. डीएसएलआर, म्हणजे डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याच्या डोक्यावर जो उंचवटा दिसतो तो या छपरामुळे. स्वस्त मॉडेलांत भरीव काचेऐवजी आरसे जोडून तीच वाट तयार करतात. वजन कमी होतं, चित्र थोडं अंधारतं. दोन उतारांमधला कोन किंचित जरी चुकला तरी चित्र दुहेरी दिसतं, म्हणून पडलेल्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, उभ्या रेषा फाटलेल्या दिसल्या तर लेन्सला दोष देण्याआधी प्रिझमकडे बघावं. फोटोत त्या रेषा एकसंध असतील, कारण फोटो काढताना आरसा वर उचलला जातो आणि प्रिझमचा फोटोशी काहीच संबंध राहत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरही लेन्स दृश्य फिरवूनच टाकते. पाठीमागून पाहिलं तर दृश्याचा वरचा डावा कोपरा सेन्सरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पडलेला असतो. वाचन तिथूनच सुरू करायचं, एवढ्याने चित्र सुलट होतं. आरसा नाही, प्रिझम नाही, फक्त कुठल्या टोकापासून मोजायचं हा प्रश्न. म्हणूनच डिजिटलमध्ये उलटवणं इतकं स्वस्त झालं. ओळ उजवीकडून डावीकडे वाचली की आरसा झाला. ओळी खालून वर घेतल्या की चित्र डोक्यावर. दोन्ही केलं की अर्धा फेरा.

यातही एक खोड आहे आणि ती मोठी गमतीची आहे. सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यावर, म्हणजे पिक्सेलवर, एकाच रंगाची गाळणी असते. दोन ओळींची नक्षी पुन्हा पुन्हा येते, एका ओळीत लाल-हिरवा, दुसरीत हिरवा-निळा. ओळ उलट्या दिशेने वाचली की हीच नक्षी हिरवा-लाल आणि निळा-हिरवा अशी होते. पुढे रंग जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला हा बदल सांगितला नाही, तर ते हिरव्याला लाल आणि निळा समजतं, लाल-निळ्याला हिरवा समजतं, आणि सगळं चित्र हिरव्या-जांभळ्या गोंधळात जातं. वाचन दोन्ही दिशांनी उलटवलं तर हिरवा आपल्या जागी राहतो, फक्त लाल आणि निळ्याची अदलाबदल होते. माणसांचे चेहरे निळे आणि आकाश नारिंगी. छोट्या कंप्युटर बोर्डाला कॅमेरा जोडून प्रयोग करणाऱ्यांना हे हमखास भेटतं. चित्र उलटवल्यावर चेहरे निळे झाले, तर केबल बदलण्याआधी रंगांच्या नक्षीचा क्रम तपासा.

आता पडद्याकडे येऊ. १९९५च्या कॅसिओ क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याने पाठीमागे १.८ इंची रंगीत पडदा देऊन फोटो काढण्याआधी चित्र दाखवायची सवय सामान्य माणसाला लावली. त्याची लेन्स फिरवून स्वतःकडेही करता यायची. आज पडदे तीन इंची आणि खूप स्पष्ट आहेत, तरी त्यांच्यावर किती विश्वास टाकायचा हे आकड्यांतून कळतं. जाहिरातीत ‘१०.४ लाख डॉट’ लिहिलेलं असतं. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट लागतात. म्हणजे ठिपके साधारण ३.४५ लाख, ७२० बाय ४८०. सेन्सर २४ मेगापिक्सेलचा असेल तर त्यावर ६००० बाय ४००० ठिपके असतात, पडद्यापेक्षा जवळजवळ सत्तर पट. एवढे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा वाचून पुन्हा लहान करण्यापेक्षा बरेच कॅमेरे मधल्या ओळी गाळतात किंवा शेजारचे ठिपके एकत्र करतात.

याचे दोन परिणाम रोज दिसतात. पहिला, बारीक चौकटीच्या कापडावर किंवा जाळीवर पडद्यात लाटा-लाटा दिसतात आणि फोटोत त्या नसतात. ओळी गाळल्यामुळे त्या आलेल्या असतात, घाबरायचं कारण नाही. दुसरा जास्त महत्त्वाचा. पूर्ण चित्र पडद्यावर असताना फोकस बरोबर आहे की नाही हे कळूच शकत नाही. थोडा हुकलेला फोकस सत्तर पटीने आकसला की लखलखीत दिसतो. ६००० भागिले ७२० म्हणजे ८.३. पडदा साधारण आठ पट मोठा केला की सेन्सरचा एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर येतो. पाच पटीवर अंदाज येतो, दहा पटीवर खात्री होते. तिपाईवर काम असेल तर प्रत्येक वेळी मोठं करून बघावं, आणि जवळच्या वस्तू टिपताना दोनदा बघावं.

उजेडाबद्दलही पडदा फसवतो, आणि हा दोष मला फोकसच्या दोषापेक्षा वाईट वाटतो, कारण तो परिस्थितीनुसार बाजू बदलतो. रात्री डोळे अंधाराला सरावलेले असतात, पडदा दिव्यासारखा उजळ वाटतो आणि काळवंडलेला फोटो चांगला वाटतो. भर उन्हात उलट, पडदा मिणमिणता दिसतो आणि आपण फोटो जास्तच उजळ करून ठेवतो. पडद्याचा उजेड ‘ऑटो’वर न ठेवता मधल्या पायरीवर पक्का करावा आणि निर्णय हिस्टोग्राम बघून घ्यावा, म्हणजे फोटोत अंधार किती (डावीकडे) आणि उजेड किती (उजवीकडे) हे दाखवणारा आलेख. तो आलेखही फोटोच्या जेपेग रूपावरून, म्हणजे आकसून साठवलेल्या नेहमीच्या फाइलवरून काढलेला असतो. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, साठवत असाल तरी पडद्यावर दिसते ती तिच्या पोटातली जेपेग प्रत, तुम्ही निवडलेल्या रंगशैलीसकट. म्हणून आलेख उजव्या कडेला किंचित टेकला तरी रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असते. स्टुडिओत फ्लॅश लावून शटर १/१६० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/८, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १०० असं ठेवलं की पडदा जवळजवळ काळा होतो, कारण कॅमेरा फ्लॅश धरून उजेड दाखवू शकत नाही. तिथे मेन्यूतलं एक्स्पोजरचा परिणाम दाखवणारं कलम बंद करावं. पडदा पुन्हा उजळतो आणि चौकट लावता येते. पोलराइज्ड गॉगल घातला असेल आणि कॅमेरा आडव्याचा उभा करताच पडदा काळा झाला तर बॅटरी बदलायला धावू नका, गॉगल काढा.

एकदा बाजूला उघडून पुढे फिरणारा पडदा हातात घेऊन अगदी सावकाश वळवून बघा. पडदा बाजूला उघडलेला, तुमच्याकडे तोंड करून. समोर माणूस उभा आहे आणि त्याचा डावा हात चित्रात उजव्या कडेला आहे. आता पडदा आडव्या आसाभोवती पुढे पिरगळायला लागा. थोडा वेळ चित्र तसंच राहतं आणि पडद्याबरोबर डोक्यावर व्हायला लागतं. मग एका ठराविक कोनात क्षणभर पडदा अंधारतो आणि चित्र पुन्हा उभं होतं. त्या क्षणी आत काय झालं? पडदा पिरगळल्यावर त्या माणसाचा हात त्याच्याच बाजूला राहिलाय, फक्त चित्र डोक्यावर झालंय. कॅमेऱ्याने ओळींचा वरखाली क्रम बदलला की समोरच्याला आरसा मिळतो, डावा हात डावीकडे. त्याऐवजी चित्र पूर्ण अर्धा फेरा फिरवलं की त्याला फोटोत दिसेल तसं दिसतं, डावा हात उजवीकडे. मेन्यूतल्या मिरर डिस्प्ले या कलमाने एवढाच फरक पडतो. बॅटरी, वेळ आणि शटरचे आकडे दोन्ही वेळा वाचता येतात, कारण ते चित्राच्या वरच्या वेगळ्या थरावर लिहिलेले असतात. पडद्यावरचे आकडे सुलट आहेत म्हणून चित्रही सुलट आहे असं कधीही धरू नका.

पडदा कुठल्या स्थितीत आहे हे कॅमेऱ्याला बिजागरीतल्या छोट्या स्विचने किंवा चुंबक आणि तो ओळखणाऱ्या सेन्सरने कळतं. चुंबकाची जोडणी असेल तर चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर किंवा चुंबकी पट्टा जवळ आला की पडदा मध्येच उलटतो किंवा बंद पडतो. पहिली तपासणी हीच, सगळ्या चुंबकी वस्तू दूर करून बघणं. त्यानंतरही चित्र कायमचं उलटलेलं राहिलं, पण स्पष्ट असलं, तर स्थिती ओळखणारा भाग गेलाय. ठराविक कोनात रेषा येतात, रंग जातात किंवा पडदा पांढरा होतो, तर बिजागरीतून जाणारी चपटी फ्लेक्स केबल झिजली आहे. एचडीएमआय केबलने बाहेरच्या पडद्यावर चित्र नीट येत असेल तर सेन्सर शाबूत आहे आणि खर्च पडदा-केबलपुरताच आहे. आरशाचं चित्र चालू असताना पडद्यावर डाव्या चेहऱ्याला बोट लावलं आणि फोकसची चौकट उजवीकडे उमटली, तर ती सॉफ्टवेअरची चूक. चित्र उलटवलं पण बोटाची जागा उलटवायची राहिली. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यावर बहुधा जाते.

स्वतःला टिपताना आरसा हवाच, असं माझं ठाम मत आहे. केस सारखे करायला किंवा चौकटीच्या मध्यावर सरकायला आपले हात-पाय जन्मभर आरशावर शिकलेले असतात. आरसा बंद असेल तर माणूस मध्याकडे यायला म्हणून पाऊल टाकतो आणि चौकटीबाहेर जातो. हातात पुस्तक किंवा फलक असेल तर मात्र शेवटी एकदा आरसा बंद करून बघावं, किंवा पाच सेकंदांचं चित्रण करून ते लावून बघावं. व्हिडिओ कॉलमध्येही बहुतेक ठिकाणी आरसा फक्त आपल्यालाच दिसतो, पलीकडच्याला अक्षरं सुलट दिसतात. त्यामुळे कॉलच्या मध्यात आपला फलक उलटा दिसला म्हणून घाईने उलट छापून आणू नका.

फोटो काढल्यावर चेहऱ्याने उडी मारल्यासारखं वाटतं ते यामुळेच. भांग एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो, तीळ जागा बदलतो, हसताना वाकडा होणारा ओठ भलतीकडे वाकडा दिसतो. १९७७मध्ये मिता, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना त्यांच्या चेहऱ्याच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशातली. स्वतःची आरशातली प्रत जास्त आवडण्याकडे लोकांचा कल दिसला, त्यांच्या जवळच्यांचा सरळ प्रतीकडे. ज्याला जे बघायची सवय, त्याला ते आवडलं. म्हणून पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो ‘दिसतो तसाच’ साठवायचा पर्याय फोनमध्ये आला. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये मिरर फ्रंट कॅमेरा असं सापडतं. स्वतःपुरत्या फोटोंसाठी तो चालू ठेवायला हरकत नाही. कागदपत्रं, आकडे, जखमेचा फोटो किंवा कुठल्या बाजूला काय आहे याला महत्त्व असेल असं काहीही टिपायचं असेल तर तो बंदच हवा. डावा गुडघा उजवा दिसला तर डॉक्टरांनी फोटोवरून काय समजायचं?

उलटणं फाइलमध्ये शिरतं तेव्हा ते दोन प्रकारे शिरतं. एक, ठिपकेच नव्या क्रमाने लिहिले जातात. दोन, ठिपके तसेच राहतात आणि फाइलमध्ये चित्रासोबत साठवलेल्या एक्झिफ नावाच्या माहितीत ‘दाखवताना असं वळव’ असा एक आकडा लिहिला जातो. तो १ ते ८ असतो. १ म्हणजे जसंच्या तसं, ३ म्हणजे अर्धा फेरा, ६ आणि ८ म्हणजे पाव फेरा या किंवा त्या बाजूला. उरलेले २, ४, ५ आणि ७ हे आरशाचे. फिरवण्याचे आकडे बहुतेक सगळी सॉफ्टवेअरं मानतात. आरशाचे आकडे क्वचित वापरात येतात, म्हणून काही ठिकाणी ते विसरले जातात आणि एकच फोटो फोनवर सुलट, वेबसाइटवर उलट दिसतो. व्हिडिओत हे आणखी जास्त घडतं. फोटोच्या फाइलमध्ये एक इवलीशी प्रतही असते, सहसा १६० बाय १२० ठिपक्यांची. जुन्या सॉफ्टवेअरने मूळ चित्र उलटवलं आणि ही प्रत तशीच ठेवली, की यादीत ३ दिसतो आणि उघडल्यावर ६. असं झालं तर फोटो पूर्ण उघडून नव्या नावाने पुन्हा साठवावा, म्हणजे ठिपके, आकडा आणि इवली प्रत तिन्ही एका सुरात येतात.

जेपेग पुन्हा साठवल्याने दर्जा थोडा घसरतो, म्हणून ठिपके न मोडता उलटवणारी साधनं आहेत. जेपेगचं चित्र चौकोनांत बांधलेलं असतं, बहुधा १६ बाय १६चे. ती साधनं चौकोनच्या चौकोन उचलून जागा बदलतात. ६००० ठिपक्यांच्या रुंदीत १६चे बरोबर ३७५ चौकोन बसतात, काही उरत नाही. १०८०च्या रुंदीत ६७ बसून ८ ठिपके उरतात. तो अर्धवट चौकोन कडेवरून हलवता येत नाही. त्यामुळे उलटवलेल्या चित्राच्या एका कडेला ८ ठिपक्यांची पट्टी न उलटता अडकून राहते, जणू कुणी वेगळ्या फोटोची कातरण चिकटवली आहे. ती पट्टी कापून टाकायची आणि विसरायचं.

काही ठिकाणी आरसा मुद्दाम घालावा लागतो. गाडीच्या मागचा कॅमेरा मागे बघतो आणि चालक पुढे बघतो. सरळ चित्र दाखवलं तर उजव्या मागच्या कोपऱ्यातला खांब पडद्यावर डावीकडे दिसेल. म्हणून तिथे चित्र आरशासारखंच देतात, काचेवरच्या आरशाशी जुळणारं, आणि मागच्या गाडीची नंबरप्लेट उलटी दिसते. बाजारातले बरेच सुटे कॅमेरे याच रूपात येतात. तोच कॅमेरा गाडीच्या पुढे बसवला तर रस्ता उलटा दिसतो. त्यासाठी काहींच्या केबलमध्ये एक छोटा वायरचा वळसा दिलेला असतो, तो कापला की आरसा जातो. कापण्याआधी सोबतचा कागद वाचा, कारण शेजारचाच वळसा अंतराच्या रेषांचा असू शकतो. वाचून बोलायच्या टेलिप्रॉम्प्टरमध्ये ४५ अंशातली एक काच, म्हणजे एक परावर्तन. अक्षरं सॉफ्टवेअरमध्ये एकदा उलटवली की बेरीज दोन होते आणि वाचता येतं. प्रॉम्प्टरच्या टॅबलेटवर डावं-उजवं उलटवण्याऐवजी अर्धा फेरा फिरवायचा पर्याय निवडला गेला, तर अक्षरं काही केल्या जुळत नाहीत. टॅबलेट कितीही वळवला तरी नाहीच.

नवा फोन किंवा कॅमेरा हातात आला की दहा मिनिटं काढून एक तपासणी करावी. पांढऱ्या कागदावर मोठं ‘ग’ लिहा, त्याच्या खाली डावीकडे एक जाड ठिपका द्या. ‘ठ’ घेऊ नका, तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, आणि ३६ तर मुळीच नको. कागदाचा पुढच्या कॅमेऱ्याने एक फोटो, मागच्याने एक फोटो आणि दोन्हींनी पाच-पाच सेकंदांचं चित्रण. फोन आडवा धरून एकदा, उभा धरून एकदा. मग प्रत्येक फाइल चार ठिकाणी बघा: फोनच्या गॅलरीत, कंप्युटरवरच्या यादीतल्या छोट्या चौकटीत, पूर्ण उघडून, आणि ज्या ॲपवरून तुम्ही फोटो पाठवता त्यातून दुसऱ्या फोनवर पोचल्यावर. जिथे दांडा डावीकडे दिसेल ती जागा कागदाच्याच कोपऱ्यात तारीख घालून लिहून ठेवा, आणि फोनचं मोठं अपडेट आलं की तोच कागद पुन्हा बाहेर काढा.